खूण सांगा, सोनं न्या



मेटल डिटेक्टर हा शब्द आता आपल्याला नवा राहिलेला नाही. मोठ्या देवस्थानच्या दारात, रेल्वे स्टेशनवर, पुढाऱ्यांच्या सभेला आपण त्या चौकटीतून आत जातो. हातातल्या पाटल्यांनी चौकट वाजते आणि पोलीस ताई पुढे व्हा म्हणतात. त्याच यंत्राचा हातात धरायचा एक प्रकार असतो. लांब दांडा, त्याच्या टोकाला ताटलीएवढी चकती. ती जमिनीलगत फिरवत नेली की मातीत दडलेला धातू सापडतो. हरवलेले दागिने शोधायला हे यंत्र जगभर वापरतात. आज आपण त्याचाच इतिहास ऐकणार आहोत.

बाईचं सोनं हरवतं ते बहुतेक कामात. खुरपताना कानातल्याची फिरकी गळते. शेण काढताना अंगठी निसटते. धुणं धुताना, पोहरा ओढताना, लग्नघरी भांडी घासताना साखळीचा आकडा उघडतो. मग घरदार शोधायला लागतं. अशा वेळी खरं तर दोन प्रश्न असतात. पहिला, सोनं आहे कुठं? दुसरा, सापडलं तर ते कुणाचं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर यंत्रानं दिलं, आणि त्याला फार वर्षं झालेली नाहीत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठलंच यंत्र देत नाही. ते फार जुनं आहे आणि त्याची किल्ली आपल्याच हातात आहे. कशी, ते शेवटी सांगते.

यंत्र नव्हतं तेव्हा माणसं सोनं शोधत नव्हती असं नाही. आपल्याकडे झारेकरी आहेत. सोनारांच्या दुकानांतला केर, राख, दुकानासमोरच्या गटारीतला गाळ गोळा करायचा आणि पाटीत पाण्यानं धुवायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड असतं, माती साधारण अडीचपट. म्हणून पाटी हलवत धुतली की माती वाहून जाते आणि सोन्याचा कण तळाशी बसतो. या कामात बायाही पिढ्यान्पिढ्या आहेत. शास्त्राचं पुस्तक न उघडता त्यांनी हे शास्त्र हातात मुरवलं.

दुसरी वाट मात्र वाईट होती. पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं, डोळ्यांत अंजन घातलं की हंडा दिसतो, अशा समजुती गावोगाव होत्या. त्यापायी मुलांचे आणि बायकांचे हाल झाले, जीवही गेले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं मौल्यवान वस्तूंच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्यं गुन्हा ठरवली आहेत. जमिनीतलं सोनं ना पायाळूला दिसतं, ना अंजनानं. यंत्रालाही ते दिसत नाही. त्याला फक्त धातूची चाहूल लागते. ती कशी, ते आता बघू.

तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडली की त्याभोवती चुंबकाचा प्रभाव तयार होतो. जवळ धातू असेल तर त्या धातूच्या अंगातही बारीक वीज फिरू लागते आणि तीही आपला प्रभाव उलट पाठवते. यंत्रानं तो टिपला की आवाज येतो. लोहचुंबक सोन्याला ओढत नाही, पण सोन्यातून वीज वाहते. म्हणून सोनं या यंत्राला सापडतं.

या युक्तीचा गाजलेला पहिला वापर सोन्यासाठी झालाच नाही. तो एका माणसाचा जीव वाचवायला झाला. २ जुलै १८८१ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळीबार झाला. एक गोळी पाठीतून शिरून आत राहिली, आणि क्ष-किरणांचा शोध तेव्हा लागायचा होता. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल पुढे आले. वेटोळ्यांना टेलिफोनचा कानाला लावायचा भाग जोडून त्यांनी एक उपकरण बनवलं. गोळी जवळ आली की कानात आवाज यायचा. लढाईत अंगात गोळ्या राहून गेलेल्या जुन्या सैनिकांवर त्यांनी ते तपासूनही पाहिलं. राष्ट्राध्यक्षांच्या खाटेशी मात्र ते फसलं. गादीत लोखंडी स्प्रिंगा होत्या, त्यानं आवाजात घोटाळा झाला. शिवाय मुख्य डॉक्टरांनी फक्त उजव्या बाजूला शोधू दिलं. गोळी डाव्या बाजूला होती. १९ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष गेले. यंत्र खोटं नव्हतं. शोधायची जागा चुकली होती.

पुढची पायरी रेडिओतून आली, म्हणजे आपल्या या रेडिओचं आणि मेटल डिटेक्टरचं नातं सख्ख्या भावंडांचं आहे. गेऱ्हार्ड फिशर हे जर्मनीतून अमेरिकेत गेलेले अभियंते. विमानाला रेडिओ लहरींवरून दिशा दाखवणाऱ्या यंत्रणेवर ते काम करत होते. धातूच्या इमारती किंवा खनिज असलेली जमीन जवळ आली की दिशा चुकायची. जी गोष्ट रेडिओत दोष आहे तीच धातू शोधायला गुण ठरेल, हे त्यांच्या ध्यानात आलं. १९३७ मध्ये त्यांना अमेरिकेत धातुशोधक यंत्राचं पेटंट मिळालं.

मग दुसरं महायुद्ध आलं. पोलंड जर्मनांच्या ताब्यात गेला होता आणि पोलिश सैनिक स्कॉटलंडमध्ये तळ ठोकून होते. त्यांच्यातले अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी १९४१ मध्ये जमिनीत पेरलेले सुरुंग शोधायचं यंत्र बनवलं. एका सैनिकाला हातात धरून चालता येईल असं. ऑक्टोबर १९४२ मध्ये इजिप्तमधल्या एल अलामीनच्या लढाईत अशी सुमारे ५०० यंत्रं वापरली गेली. सुरुंग काढायचं काम दुपटीनं वेगानं होऊ लागलं. कोसात्स्कींनी पेटंट घेतलं नाही, यंत्र ब्रिटिश सैन्याला देऊन टाकलं. घरची माणसं पोलंडमध्ये अडकलेली, म्हणून त्यांचं नावही बरीच वर्षं गुप्त राहिलं. युद्ध संपल्यावर सैन्याची जादा यंत्रं स्वस्तात विकली गेली. पुढे ट्रान्झिस्टर आले, यंत्र हलकं झालं आणि साध्या माणसांच्या हातात आलं. इंग्लंडमध्ये सुट्टीच्या दिवशी शेताशेतांतून यंत्र घेऊन हिंडणारी हौशी मंडळी तयार झाली.

हे यंत्र दागिन्यांच्या बाबतीत कसं वागतं तेही सांगते, म्हणजे कुणी भाड्यानं आणलं तर उगाच आशा लागायची नाही. अंगठी, बांगडी, गोठ असा गोल, सलग दागिना चांगला लागतो, कारण त्यात वीज गोल फिरू शकते. अंगठी तुटून तोंड उघडं पडलं की तिचा आवाज कमी होतो. बारीक साखळी सगळ्यात अवघड. तिची एकेक कडी यंत्राला वेगळी आणि इवलीशी लागते. मंगळसूत्राचे काळे मणी तर त्याला कळतच नाहीत, वाट्या कळतील. गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पन्नी, गुटख्याची पुडी, थंड पेयाच्या डब्याची कडी यांचा आवाज सोन्याच्या जवळपास येतो. म्हणून दहा वेळा पन्नी निघेल तेव्हा एकदा दागिना. अंगठीसारखी वस्तू साध्या यंत्राला वीतभर खोलीपर्यंत लागते, त्याखाली भरवसा नाही. दागिना रानात पडला असेल तर आधी नांगर आणि पाणी थांबवा. दोऱ्या ताणून पट्टे आखा. एकदा उभं, एकदा आडवं, सावकाश फिरवा. आठवायचं ते हेच की शेवटचा दागिना कुठं अंगावर होता. बेलसाहेबांचं यंत्र चुकीच्या बाजूला फिरलं, तसं आपलं व्हायला नको.

आता एका सापडलेल्या दागिन्याची गोष्ट. सप्टेंबर १९८५. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर भागात मिडलहॅम नावाचं गाव आहे, तिथं जुना किल्ला आहे. तिथून जवळच हौशी शोधकांच्या यंत्राला एक दागिना लागला. पंधराव्या शतकातला सोन्याचा ताईत. चौकोन कोपऱ्यावर उभा करावा तसा त्याचा आकार, वर निळा नीलमणी, वजन ६८ ग्रॅम. आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्यानं जवळजवळ सात तोळे. एका बाजूला क्रुसावरच्या येशूचं चित्र कोरलेलं, दुसऱ्या बाजूला येशूच्या जन्माचं. कडेनं मंत्रासारखे शब्द. त्यातला एक शब्द फेफऱ्यावर उतारा मानला जाई. ताईत आतून पोकळ होता आणि त्यात जरीकामाच्या रेशमाचे बारीक तुकडे होते.

जन्माचं चित्र आणि हे मंत्र पाहून अभ्यासक म्हणतात की हा दागिना बहुधा एखाद्या बड्या घरच्या बाईचा असावा आणि बाळंतपणात राखण म्हणून ती तो अंगावर घालत असावी. हे आपल्याला समजावून सांगायला नको. बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवणारी, बाळाच्या दंडाला ताईत बांधणारी माणसं आपल्याकडेही आहेत. जीव मुठीत धरून बाळंत होणाऱ्या बाईची भीती कुठल्याही देशात सारखीच.

ताईत सापडल्यावर दुसरा प्रश्न उभा राहिला, हा कुणाचा? इंग्लंडचा तेव्हाचा कायदा मजेशीर होता. कुणी परत काढून घ्यायच्या इराद्यानं पुरून ठेवलेलं सोनं-चांदी सापडलं आणि मालक कळला नाही, तर ते राजाचं. पण नुसतं हरवलेलं असेल तर राजाचं नाही. हा ताईत पुरलेला नव्हता, वाटेत पडलेला होता. त्यामुळे तो सरकारजमा झाला नाही. १९८६ मध्ये लंडनच्या लिलावात तो १३ लाख पौंडांना गेला. तो देशाबाहेर जाऊ नये म्हणून पुढे वर्गणी आणि निधी गोळा झाला आणि यॉर्कशायर म्युझियमनं तो २५ लाख पौंडांना विकत घेतला. आज तो तिथं काचेमागे आहे.

वस्तू पुरली की हरवली, हे पाचशे वर्षांनंतर कोण सांगणार? म्हणून तिथं १९९६ मध्ये नवा कायदा झाला आणि १९९७ मध्ये तो लागू झाला. तीनशे वर्षांपेक्षा जुन्या, दहा टक्क्यांहून जास्त सोनं किंवा चांदी असलेल्या वस्तूसाठी पुरली की हरवली हा वाद त्यानं संपवला. सापडली की कळवायची. संग्रहालयानं घेतली तर शोधणाऱ्याला आणि जमीनमालकाला मोबदला.

पण या सगळ्या गोष्टीत एक जागा रिकामीच राहिली. ताईताचं वजन कळलं, किंमत कळली, त्यावरचे मंत्र वाचले गेले. जिच्या गळ्यात तो होता तिचं नाव काही कळलं नाही. किल्ल्याशी संबंध असलेल्या मोठमोठ्या घराण्यांतल्या बायकांची नावं तर्कानं घेतली जातात, पुरावा एकीचाही नाही. तिनं तो हरवला तेव्हा किती शोधला असेल! तिची म्हणून एक खूण त्यावर असती तर आज सात तोळ्यांबरोबर एक बाईही सापडली असती.

खूण हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्याकडचा हरवल्या-सापडल्याचा जुना नियम याच शब्दावर उभा आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितलंय की हरवलेलं धन सापडलं तर राजानं ते धन्याला परत द्यावं. पण दावा सांगणाऱ्यानं ते खुणांनी आपलं म्हणून पटवलं पाहिजे. नाही पटवता आलं तर तेवढाच दंड त्याच्यावर. या जुन्या ग्रंथांत बाईच्या वाट्याला काय काय लिहून ठेवलंय ते आपल्याला माहीत आहे आणि ते आपण मानत नाही. पण हा नियम व्यवहाराचा आहे. माझं माझं म्हणून ओरडून चालत नाही, खूण सांगावी लागते.

आजचा कायदाही फार वेगळा नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे दुसऱ्याची वस्तू सापडून ती ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळायची जबाबदारी येते. ठेव ठेवलेल्या वस्तूसारखीच. शोधून द्यायचं बक्षीस कुणी जाहीर केलं असेल तर ते मागायचा हक्कही त्याला आहे. पण गुपचूप स्वतःची करून टाकणं हा गुन्हा आहे. जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर १८७८ चा निखात निधी कायदा लागतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कुठं, केव्हा, काय सापडलं हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर शोधणाऱ्याचा वाटाही जातो आणि शिक्षाही होते. आणखी एक, संरक्षित किल्ल्यावर किंवा जुन्या वास्तूच्या आवारात मेटल डिटेक्टर घेऊन खणायला परवानगीशिवाय कुणालाही मुभा नाही. वस्तू जागेवरून निघाली की तिची गोष्ट पुसली जाते.

आता पुन्हा १९८५ कडे येऊ. मिडलहॅमचा ताईत सापडला त्याच वर्षी आपल्या देशात बाईच्या सोन्याबद्दल दोन मोठ्या गोष्टी झाल्या. मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात निकाल दिला. स्त्रीधनावर बायकोचा संपूर्ण हक्क आहे. नवऱ्याकडे किंवा सासरी ते ठेवायला दिलं म्हणून त्यांचं होत नाही, आणि त्यांनी ते परत केलं नाही तर विश्वासघाताची फौजदारी होऊ शकते. नंतर २ ऑक्टोबरपासून हुंडाबंदी कायद्याखाली एक नियम लागू झाला. लग्नात वधूला आलेल्या भेटींची यादी वधूनं ठेवायची. प्रत्येक वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं. खाली वधू आणि वर दोघांच्या सह्या. सही येत नसेल तर यादी वाचून दाखवून अंगठा. मैत्रिणींनो, कायद्यानं आपल्याला खूण लिहून ठेवायचा कागद दिला त्याला इतकी वर्षं झाली. मांडवात आहेराची वही असते, कुणी किती रुपये घातले ते पैशासकट लिहिलेलं असतं. आणि नवरीच्या दागिन्यांची सह्यांची यादी? ती किती घरांत निघेल?

आपल्या बायका भांड्यांवर नावं घालतात. ताट, वाटी, तांब्या, कळशी, सगळ्यावर नाव आणि तारीख. लग्नाकार्यात भांडं दुसऱ्या घरी गेलं तरी नावावरून परत येतं. पन्नास रुपयांच्या वाटीला नाव आणि लाखाच्या पाटल्यांना काहीच नाही. बचत गटाच्या कामात सोनेतारणाचे कागद बघायला मिळतात. बँकेच्या पावतीवर दागिन्याचं वर्णन, एकूण वजन, निव्वळ वजन नीट लिहिलेलं असतं. बऱ्याच जणींच्या सोन्याची आयुष्यातली तेवढीच लेखी नोंद असते, आणि कर्ज घरधन्याच्या नावावर असलं तर पावतीवर नाव त्याचं.

आता सोन्यावरच खूण यायला लागली आहे. हॉलमार्कच्या दागिन्यावर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा क्रमांक सक्तीचा आहे. प्रत्येक दागिन्याचा क्रमांक वेगळा. भारतीय मानक ब्युरोच्या मोबाइल ॲपवर तो टाकला की सोन्याची शुद्धता, सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र कळतं. पण ध्यानात घ्या, त्यात तुमचं नाव नसतं. क्रमांक आणि तुम्ही यांना जोडणारा कागद एकच, दुकानाचं बिल. ते तुमच्या नावावर घ्या. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणजे चमकी, फुली, पोरीचं कानातलं यांची नोंद आपणच ठेवायची. आजीच्या बोरमाळेला, ठुशीलाही क्रमांक नसतो. त्या सराफाकडे वजन करून घ्या.

वहीचं एक पान पुरे. दागिन्याचं नाव, वजन, कुणी दिला, कोणत्या साली, क्रमांक असेल तर क्रमांक. आणि त्याची अशी एक खूण जी फक्त घालणारीलाच माहीत असते. बोरमाळेचा तिसरा मणी चेपलाय, नथीतला एक मोती बदललाय, अंगठी आतून डागलेली आहे. दागिना फोनवर दोन्ही बाजूंनी टिपून ठेवा. पान एक कपाटात, एक माहेरी किंवा विश्वासाच्या बाईकडे. हरवल्याची तक्रार देताना, चोरी झाल्यावर, विमा मागताना, आणि देव न करो पण स्वतःचंच सोनं परत मागायची वेळ आली तर, हेच पान उपयोगी पडेल. लेकी-सुनांत वाटणी करतानाही भांडण वाचेल.

यंत्र आज आहे त्याहून चांगलं होईल. वीतभराऐवजी हातभर खोल बघेल. ते सांगेल, इथं धातू आहे. हे सोनं कुणाचं, कष्टाचं की माहेरचं, कोणत्या हातांनी घडवलं आणि कोणत्या गळ्यात होतं, हे त्याला कधीच सांगता येणार नाही. ते आपण लिहून ठेवलं तरच राहील. या आठवड्याच्या बैठकीला येताना एक वही आणि तुमच्या दागिन्यांची बिलं घेऊन या. ज्यांच्याकडे बिलं नाहीत त्यांनी नुसत्या खुणा आठवून या. एकमेकींची पानं आपण बसून लिहू.